दोन काठ्या, एक नाडा अन् बादलीभर साबणपाणी: बागेत मोठे फुगे कसे सोडायचे

आमच्या लेआउटच्या बागेत संध्याकाळी पंचवीस-तीस पोट्टे तरी असतात, पण सगळे आपापले. झोपाळ्यापाशी एक घोळका, क्रिकेटवाले वेगळे, ज्यांना कोणी खेळायला घेत नाही ते आईची ओढणी धरून उभे, अन् मागच्या बिल्डिंगच्या साइटवर काम करणाऱ्यांची पोरं जाळीच्या पलीकडून नुसती पाहत राहणार. माझी पोरगी ओढणी धरणाऱ्यांतली. सायकल नेली तर सायकलवरून भांडण, बॅट नेली तर मोठी पोरं घेऊन पळणार. मग एका पावसाळ्यात मी दोन काठ्या, एक नाडा अन् बादलीत साबणपाणी घेऊन गेली आणि पाच मिनिटांत जाळीच्या दोन्हीकडची पोरं एकाच फुग्यामागे धावत होती. चार वर्षं झाली, अजूनही आठवड्यातून एकदा तरी नेते, आणि दर वेळी कोणीतरी आई किंवा आजोबा विचारतात की हे बनवलं कसं, म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढते.

दहा-वीस रुपयांच्या डबीतून फुंकायचे छोटे फुगे वेगळे, ते ज्याच्या हातात डबी त्याचेच असतात. मी सांगून राहिली ते मोठे, टरबुजाएवढ्यापासून ते पोट्ट्याहून लांब, हवेत डुलत जाणारे. यात फुगा सोडणाऱ्याचे दोन्ही हात काठ्यांत अडकलेले असतात, त्याला स्वतःचा फुगा फोडायला पळताच येत नाही, त्यामुळे पळायला, पकडायला, ओरडायला बाकीची पोरं लागतातच. एकट्यानं सोडला तर मजा अर्धीच राहते, हे पोरांना कोणी न सांगता कळतं.

काठ्या आणि दोरी

दोन काठ्या पाहिजेत, मोठ्या माणसासाठी साधारण ७५ ते ९० सेंटीमीटर, आठ-दहा वर्षांच्या पोरांसाठी ४५ सेंटीमीटर पुरे. बांबूची काठी सगळ्यात बरी, हलकी असते अन् ओली झाली तरी हातातून सटकत नाही. बुरडाकडे सांगितलं तर तो मापाच्या कापून, टोकं घासून देतो. नाहीतर जुन्या झाडूची दांडी अर्धी कापा. टोकाला धस राहिली तर तेवढी पॉलिश पेपरनं घासून घ्या, पोरं काठी फिरवतात आणि शेजारच्याच्या डोळ्याजवळून नेतात.

दोरीवर मात्र कंजूषी करू नका, सगळा खेळ दोरीत आहे. नायलॉनची, प्लास्टिकची, सुतळी, हे काहीच चालत नाही, दोरीनं पाणी प्यायला पाहिजे. फुगा मोठा होताना त्याला लागणारं साबणपाणी दोरीतूनच येत राहतं, दोरी कोरडी पडली की फुगा तिथेच फाटतो. मला सगळ्यात चांगली दोरी मिळाली ती परकराच्या सुती नाड्याची, जाड विणीचा, पांढरा, रंग नसलेला. दुसरी चांगली म्हणजे फरशी पुसायच्या मॉपचे सुती दोरे, नवा मॉप आणून दोन-तीन दोरे काढून घ्यायचे. स्टोव्हची वात पण चालते. आणि मकरसंक्रांतीचा उरलेला मांजा घरात पडला असेल तर तो या कामाला अजिबात घेऊ नका, साधा असो की नायलॉनचा, पोरांची बोटं कापतात आणि पाणी तो धरत नाहीच.

बांधायचं असं. एक तुकडा ५० सेंटीमीटरचा, तो एका काठीच्या टोकापासून दुसऱ्या काठीच्या टोकापर्यंत, ही झाली वरची दोरी. दुसरा तुकडा १०० सेंटीमीटरचा, त्यात हार्डवेअरच्या दुकानातला एक लोखंडी वॉशर ओवायचा आणि त्याची दोन्ही टोकं त्याच दोन गाठींपाशी बांधायची. काठ्या फाकवल्या की वरची दोरी ताणली जाते अन् खालची वॉशरच्या वजनानं खाली लोंबते, त्रिकोण तयार होतो. गाठ सरकू नये म्हणून टोकाला छोटी खाच करून वरून इलेक्ट्रिकची टेप गुंडाळा. छोट्या पोरांसाठी ३० आणि ६० सेंटीमीटरचं माप ठेवा, त्यांना मोठा त्रिकोण सावरत नाही अन् फुगा निघाला नाही की ते रुसतात.

साबणपाणी

इथे बहुतेक लोक चुकतात, मी पण चुकली होती. वाटायचं की जास्त साबण म्हणजे मोठा फुगा, म्हणून अर्धं पाणी अर्धं लिक्विड घेतलं आणि नुसता फेस झाला, फुगा एकही नाही. फुग्याची भिंत मुळात पाण्याचीच असते, दोन्ही बाजूंनी साबणाचा पातळसा थर आणि मधे पाणी. नुसत्या पाण्याचा ताण इतका जास्त असतो की ते लगेच गोळा होऊन थेंब बनतं, साबण तो ताण निम्म्याहून कमी करतो म्हणून पातळ पडदा टिकू शकतो. तेवढ्या कामाला साबण थोडाच लागतो. पडदा लांबवर ताणायचा असेल तर पाण्यात काहीतरी लांबट, चिवट पाहिजे.

ते चिवट काम करते आपली गवार. हो, तीच, जिची आपण भाजी करतो. गवारीच्या बियांपासून ग्वार गम नावाची पावडर बनवतात, आइस्क्रीम आणि सॉस दाट करायला वापरतात, अन् जगात सगळ्यात जास्त गवार आपल्या भारतातच होते, त्यातही मुख्य राजस्थानात. केक-बेकिंगचं सामान मिळतं त्या दुकानात किंवा ऑनलाइन शंभर ग्रॅमचं पाकीट मिळतं आणि ते वर्षभर पुरतं कारण एका लिटरला दोनच ग्रॅम लागते. अमेरिकेत एमोरी विद्यापीठात जस्टिन बर्टन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञांच्या गटानं २०२० मध्ये याच्यावरच अभ्यास छापला, की असे लांब साखळीचे रेणू, तेही कमीजास्त लांबीचे मिसळलेले असले, तर एकमेकांत गुंततात आणि पडदा न फाटता ताणत जातो. मला हे वाचून भल्ला आनंद झाला होता, गवारीच्या शेंगांचा असा उपयोग!

माझं प्रमाण, एका लिटरला: पाणी १ लिटर, भांडी घासायचं लिक्विड ५० मिली, ग्वार गम २ ग्रॅम म्हणजे छोटा चमचा पाऊणला थोडं कमी, ग्लिसरीन एक मोठा चमचा, बेकिंग पावडर २ ग्रॅम म्हणजे अर्धा छोटा चमचा. बेकिंग पावडर म्हणजे खायचा सोडा नाही हं, दोन्ही वेगळे. नळाचं पाणी चालतं. बोअरचं जड पाणी असेल तर पिण्याचं आरओचं घ्या, क्षाराच्या पाण्यात साबणाचा जोर कमी पडतो. लिक्विड कोणत्या कंपनीचं ते मी सांगत नाही, एक ग्लासभर पाण्यात दोन-तीन प्रकारचं करून पाहा आणि हाताच्या अंगठा-बोटाची गोल रिंग करून फुंका, ज्याचा फुगा मोठा निघतो ते तुमचं.

करायची पद्धत पण नीट ऐका. ग्वार गम सरळ पाण्यात टाकली की पिठल्यात बेसनाच्या होतात तशा गुठळ्या होतात, आणि पिठल्याच्या मोडता येतात, ह्या मोडत नाहीत. म्हणून आधी वाटीत ग्लिसरीन घ्या, त्यात ग्वार गम टाकून पातळ पेस्ट करा, कोमट पाणी सतत ढवळत राहा आणि ती पेस्ट बारीक धारेनं सोडा. दहा-पंधरा मिनिटांत पाणी किंचित बुळबुळीत, भेंडी धुतलेल्या पाण्यासारखं लागायला लागतं. मग बेकिंग पावडर. साबण सगळ्यात शेवटी, आणि तो टाकल्यावर रवीनं घुसळायचं नाही, चमच्यानं हळूहळू फिरवायचं, फेस झाला की फुग्याची वाट लागते, फेस आलाच तर हातानं बाजूला काढा. झाकून रात्रभर ठेवा. लगेच वापरलं तरी फुगे येतात पण दुसऱ्या दिवशीचं पाणी वेगळंच असतं, पोरांना पण फरक कळतो, "काकू आज कालचंच पाणी आणलं ना?" असं विचारतात.

ग्वार गम नाही मिळाली तर कॉर्नफ्लोअरवर पण काम होतं. दीड लिटर पाण्याला अर्धा कप कॉर्नफ्लोअर, अर्धा कप लिक्विड, बेकिंग पावडर आणि ग्लिसरीन एकेक मोठा चमचा. फक्त कॉर्नफ्लोअर तळाला बसतं म्हणून दर थोड्या वेळानं ढवळावं लागतं, आणि फुगे ग्वारवाल्याइतके मोठे होत नाहीत.

आमच्या आईच्या गावाकडे पोट्टे मोगली एरंडाची काडी मोडून तिच्या चिकाचे फुगे काढायचे, गवताच्या काडीची गोल रिंग करून. आई अजूनही हौसेनं दाखवते. पण ते पोरांना करू देऊ नका, त्याच झाडाच्या बिया म्हणजे चंद्रज्योतीच्या बिया विषारी असतात आणि शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरं खातात अन् उलट्या होऊन दवाखान्यात जातात.

कधी आणि कुठे

नागपूरकरांनी हे लक्षात ठेवाच. फुगा बहुतेक वेळा सुकून फुटतो, त्याच्या भिंतीतलं पाणी उडून जातं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा अशी कोरडी की ओली ओढणी अर्ध्या तासात वाळते, तिथे फुगा काठीवरून सुटायच्या आत जातो. मी पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये भर उन्हात, साडेचार वाजता, नेऊन पाहिलं, एक फुगा नाही टिकला, पोरगी रडली. सगळ्यात भारी दिवस म्हणजे जुलै ते सप्टेंबर, पाऊस थांबून तासभर झाला, ढग आहेत, गवत ओलं, हवेत दमटपणा. तान्ह्या पोळ्याच्या आसपासचे दिवस मला सगळ्यात आवडतात, सगळे पोट्टे आधीच नंदी घेऊन बाहेर असतात. थंडीत सकाळी सात-आठला, दव असताना, फुगे छान निघतात आणि कोवळ्या उन्हात त्यांचे रंग पाहण्यासारखे असतात. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सूर्य उगवायच्या वेळेला, झाडांच्या सावलीत, जमिनीवर आधी पाणी शिंपडून, आणि ग्लिसरीन थोडं वाढवून.

वाऱ्याची परीक्षा सोपी आहे. पिंपळाची पानं सळसळून राहिली आणि कडुलिंबाची फांदी स्थिर, तर वारा योग्य. कडुलिंबाची फांदी हलायला लागली तर काठ्या गुंडाळून घरी जा. फुटाळ्यावर एकदा हौसेनं नेलं होतं, तलावावरून वारा इतका की पडदा दोरीवर फडफडून फाटायचा, आणि फुगा निघालाच तर रस्त्याकडे जायचा, पोरं त्याच्यामागे गाड्यांत. परत कधी नेलं नाही. चारही बाजूंनी झाडं, मधे गवत, रस्ता लांब, अशी लेआउटची साधी बाग या कामाला उत्तम.

गवतावरच उभे राहा. गट्टूच्या वॉकिंग ट्रॅकवर साबणपाणी सांडलं की काचेवर चालल्यासारखं होतं, आमच्याकडे एक आजोबा थोडक्यात वाचले, तेव्हापासून बादली ट्रॅकपासून वीस पावलं आत.

फुगा सोडायचा कसा

काठ्या जुळवून धरा, दोरी पूर्ण बादलीत बुडवा आणि पहिल्या वेळी एक मिनिट तशीच राहू द्या, सुती दोरीला पाणी प्यायला वेळ लागतो. काठ्या जुळलेल्याच ठेवून हळू वर काढा, जास्तीचं पाणी गळू द्या. वारा पाठीवर घ्या. काठ्या समोर, छातीच्या उंचीवर, आणि आता हळू, दुधावरची साय वाटीत काढताना जसा हात चालतो तसा, काठ्या फाकवायच्या. त्रिकोणात पडदा दिसेल, चकचकीत. वारा असेल तर तोच भरतो, नसेल तर एक-दोन पावलं मागे सरका. फुगा लांबत गेला की काठ्या परत हळूच जुळवायच्या, की तोंड बंद होऊन फुगा सुटतो. सगळे नवखे जुळवायचं विसरतात आणि फुगा लांब होत होत फाटतो. पोरांना मी "उघड, थांब, मिट" एवढंच शिकवते, बाकी काही नाही.

हात कसा चालला पाहिजे ते मला एका पोरीनं दाखवलं. जाळीपलीकडची, सात-आठ वर्षांची असेल, घरचे छत्तीसगडचे, मराठी फार नव्हती येत. पहिले दोन दिवस आत आलीच नाही, तिसऱ्या दिवशी माझी पोरगी स्वतः जाऊन काठ्या तिच्या हातात देऊन आली. आमची सगळी पोरं हात झटकन फाकवतात, हिनं इतके हळू फाकवले की मला वाटलं हिला जमत नाहीये. जीभ दातांत धरलेली, नजर फक्त वॉशरवर, लोंबणारा वॉशर हलतच नव्हता. फुगा निघाला तो तिच्याहून मोठा, जाळीवरून गेला, बोरीच्या फांदीला लागेपर्यंत टिकला. अख्ख्या बागेनं टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून नव्या पोराला शिकवायचं काम तिच्याकडे, मी नुसती बादलीपाशी बसायची. मराठी पण ती तिथेच शिकली, "हळू ना बे, हळू!" हे पहिलं वाक्य.

पोरं जमली की

जमतातच, पाच मिनिटांत वीस. काठ्यांच्या दोन जोड्या तरी न्या, एक मोठी एक छोटी, आणि नंबर लावा. आमचा नियम पाच बुडव्यांचा, सगळे मिळून मोठ्यानं मोजतात, पाच झाल्या की काठ्या पुढच्याला. मोजणं पोरांवर सोडा, ती मोठ्यांपेक्षा कडक असतात. क्रिकेटवाली मोठी पोरं येऊन सगळे फुगे बॅटनं फोडायला लागतात, त्यांना हाकलू नका, बादली ढवळायचं आणि छोट्यांना रांगेत उभं करायचं काम द्या, आमच्याकडचा सगळ्यात दांडगा पोरगा आता बादलीला कोणाला हात लावू देत नाही.

दोन-तीन वर्षांच्यांना पळून फुगा सापडत नाही. त्यांचे हात साबणपाण्यात बुडवून द्या, ओल्या हातावर फुगा फुटत नाही, बसतो. थंडीत लोकरीचा हातमोजा घालून छोटा फुगा चेंडूसारखा उडवता पण येतो, हे एकदा दाखवलं की झोपाळे रिकामे.

जरा मोठ्यांना रंग दाखवा. पडदा केसाच्या साधारण शंभराव्या भागाएवढा पातळ, त्याच्या पुढच्या आणि मागच्या अंगावरून परतलेला उजेड एकमेकांत मिसळतो म्हणून ते रंग, आणि जाडी बदलली की रंग बदलतो. पाणी खाली उतरत जातं, वरचा भाग पातळ होतो. वर रंग जाऊन काळपट पारदर्शक दिसायला लागलं की फुगा आता जाणार, हे आमची पोरं ओळखून आधीच ओरडतात, "गेला, गेला!" आणि बहुतेक वेळा बरोबर असतात. त्यांना रेकॉर्डचं पण सांगा, २०१५ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला गॅरी पर्लमन यांनी ९६.२७ घनमीटरचा मोकळा फुगा सोडला, म्हणजे हजार लिटरच्या शहाण्णव टाक्या मावतील एवढा. हे ऐकल्यावर पोरं काठ्या लांब करायला सांगतात, ते मात्र मोठ्यांसाठीच ठेवा.

सांभाळायचं काय

साबणपाणी शरबताच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच नेऊ नका. मी नेलं होतं, फिकट हिरवं लिक्विड, उन्हातून खेळून आलेल्या एका पोरानं सरळ तोंडाला लावली बाटली, एक घोट गेला, आई धावत आली, मला इतकं वाईट वाटलं की आठवडाभर बागेत गेली नाही. पोरगा ठीक होता पण चूक माझीच. आता झाकणाची पेंटची बादली, वर मोठ्या अक्षरात "साबण" लिहिलेलं. डोळ्यात गेलं तर चोळू न देता साध्या पाण्यानं धुवायचं, त्यासाठी दोन लिटर पाणी वेगळं न्या. फुटताना वर पाहू नको हे छोट्यांना सांगा, शिंतोडे सरळ डोळ्यात पडतात. काठ्या घेऊन पळायचं नाही, हा एकच नियम मी दोनदा सांगत नाही, पळाला की नंबर गेला.

उरलेलं पाणी तलावात किंवा झाडाच्या आळ्यात ओतायचं नाही, घरी आणायचं, झाकून तीन-चार दिवस चालतं, आंबट वास आला की मोरीत. आणि दोरी, तिला साबणपाण्यातच ठेवली की कुजते, म्हणून घरी आल्यावर साध्या पाण्यात पिळून काठ्यांसकट बाल्कनीत टांगा, वॉशर पुसून ठेवा, नाहीतर गंजाचे डाग नाड्यावर पडतात आणि तिथून फुगा फाटतो. आमच्या दारातच खिळ्यावर टांगलेल्या असतात काठ्या, खालून जाणारी पोरं वर पाहून विचारतात, "काकू, आज का?"